किल्ला करतात, देवाला जातात

नागेश्वरला जाऊन आलो असं ऑफिसात कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अरे वा! म्हणजे वासोटा केला का?"

मराठीतली ही गंमत बघा. किल्ला आपण 'करतो'. राजगड केला, तोरणा केला, वासोटा दोनदा केला. यादीत एक खूण झाली. देवाला मात्र कुणी 'करत' नाही, देवाला 'जातात'. आणि एकदा जाऊन तो संपतही नाही, पुढच्या वर्षी परत जायचंच असतं. एकाच डोंगररांगेवर, एकाच वाटेनं, एकाच दिवशी ही दोन्ही क्रियापदं शेजारी शेजारी चालताना मी पाहिली. तेव्हापासून हे लिहायचं लिहायचं म्हणत होतो, आज मुहूर्त लागला.

घरातल्यांना यातलं बरंचसं माहीत आहे. त्यांनी मधले दोन-चार परिच्छेद गाळले तरी चालतील. शेवटचा मात्र गाळू नका, तो तुमच्यासाठीच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. साताऱ्याहून कास पठार ओलांडून खाली उतरलं की बामणोली येतं. समोर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. पाण्याच्या पलीकडे सह्याद्रीची मुख्य रांग आणि त्या रांगेवर वासोटा, उंची साधारण ११७१ मीटर. वासोट्याच्या माथ्यावरून दक्षिणेकडे पाहिलं की एक टोकदार सुळका दिसतो, तो नागेश्वर. सुळक्याच्या पोटात कोकणाकडे तोंड करून एक गुहा आहे आणि गुहेत महादेवाची पिंडी. वरच्या कातळातून पिंडीवर पाणी ठिबकत असतं, अगदी उन्हाळ्यातसुद्धा. महाशिवरात्रीला दोन्ही बाजूंनी माणसं येतात. घाटावरची लाँचनं पाणी ओलांडून आणि कोकणातली खालच्या चोरवण्याच्या बाजूनं उभा चढ चढून.

हे सगळं आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. कोयना अभयारण्य १९८५ सालचं. सांगलीच्या बाजूचं चांदोली अभयारण्यही त्याच वर्षीचं, त्याचं २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. दोन्ही मिळून २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यात महाराष्ट्रातली चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. वर्तमानपत्रात या जंगलाबद्दल काही आलं की त्यात 'मानवाचा स्पर्श न झालेलं' असे शब्द असतातच.

ते शब्द वाचले की मला आजी आठवते.

माझं आजोळ या पाण्याखाली आहे. आई चार वर्षांची होती आणि मामा दहाचे. कोयना धरणाचं काम १९५४ मध्ये सुरू झालं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठायला लागलं. भिंत १०३ मीटर उंच, पाणी सुमारे १०५ टीएमसी, फुगवटा मागे पन्नास किलोमीटरपर्यंत. शंभराच्या आसपास गावं उठली. तेव्हा महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो आला १९७६ मध्ये. त्यामुळे माणसं जिकडे वाट मिळेल तिकडे गेली. काही डोंगरात वर सरकून काठावरच राहिली, काही साताऱ्याच्या दुष्काळी भागात, काही सोलापूरकडे, काही पार ठाणे-रायगडला. आमची माणसं सांगली जिल्ह्यातल्या एका माळावर येऊन पडली. भात लावणाऱ्या माणसांच्या हाती ज्वारीची कोरडी जमीन आली. आजी सांगायची, पहिल्या वर्षी तिनं पावसाळा सुरू व्हायची वाटच बघितली. तिच्या हिशेबाचा पावसाळा काही आलाच नाही. जो येऊन गेला त्याला ती पाऊस म्हणायलाच तयार नव्हती.

नंतर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली. मागे काठावर राहिलेल्या नातेवाइकांची खबर यायला तीन दिवस लागले, असं मामा सांगतात. त्या तीन दिवसांत आजीनं नागेश्वराला तेल बोलली. माणसं वाचली. तेव्हापासून दर महाशिवरात्रीला आमच्या आजोळकडून नागेश्वराच्या दिव्याला तेल जातं. एक शेर, घाण्याचं, करडईचं. आधी आजोबा घेऊन जायचे, मग मामा. सांगलीच्या माळावरून नागेश्वरला जायचं म्हणजे तेव्हा दोन दिवसांचा प्रवास, एस.टी., होडी आणि बाकी पायी. तरी खंड पडला नाही.

२०२५ ची महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. मामा आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. एक गुडघा कुरकुरतो, आणि सोबतीला दर वर्षी जाणारे त्यांच्या वयाचे दोघं आता नाहीत. मामेभाऊ पिंपरीला कारखान्यात, त्याला रजा नव्हती. आईनं मला फोन केला. "तू जा बाबा त्यांच्याबरोबर. ते ऐकायचे नाहीत." म्हणून मी गेलो. मी काही ट्रेकर वगैरे नाही. माझा रोजचा चढ म्हणजे बँकेचा जिना.

सांगलीहून आदल्या दिवशीच निघालो, साताऱ्याला मुक्काम केला आणि पहाटे बामणोलीला पोचलो. धक्क्यावर नुसती गडबड. एका बाजूला पुण्याहून आलेला एक मोठा ग्रुप, सारखे टी-शर्ट, पाठीवर सॅक, हातात काठ्या. दुसऱ्या बाजूला आमच्यासारखी माणसं : टोप्या, नऊवारी, पिशव्या, नारळ, एकाच्या खांद्यावर चार वर्षांचं पोरगं. लाँच चालवणारा मुलगा विशीतला. मामांनी त्याला विचारलं, "कुणाचा रं तू?" त्यानं आजोबांचं नाव सांगितलं. मामा म्हणाले, "मग तिकिटाचं पैसं घ्येऊ नगंस." तो हसला आणि त्यानं पैसे घेतले, पण मामांना पुढे, स्वतःच्या शेजारी बसवलं.

लाँच निघाली. थंडी मरणाची. पाण्यावर धुकं. ग्रुपमधली मुलं फोटो काढत होती, आणि खरंच, फोटो काढण्यासारखंच होतं. या भागाला जाहिरातींत 'मिनी काश्मीर' म्हणतात. मामा पाण्याकडे बोट दाखवून बोलत होते. ते मला सांगत होते की स्वतःलाच, कळत नव्हतं.

"हितं खाली वढा. वढ्याच्या अलीकडं शिंप्याचं घर. त्येच्या म्होरं आमचं खाचर. त्यो आंबा दिसतोय का वर, काठाला? त्येच्या खाली, लई खाली, शाळा."

मी बघितलं. पाणीच होतं. मामांच्या डोक्यात मात्र संपूर्ण गाव जागच्या जागी होतं, घरांच्या क्रमासकट. आम्ही सरळ चाललो होतो, आणि ते मात्र वळणं घेत होते. "आता चावडीपाशी वळायचं" म्हणाले आणि मान डावीकडे वळवली. लाँच सरळच गेली. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की जुन्या गावांचे चौथरे उघडे पडतात, तेव्हा लोक मुद्दाम बघायला येतात. मामा मात्र तसे कधी गेले नाहीत. म्हणतात, "उघडं पडल्यालं काय बघायचं."

तास-दीड तासानं पलीकडच्या काठाला उतरलो. ही मेट इंदवलीची जागा. मेट म्हणजे किल्ल्याच्या घेऱ्यातली चौकी. गडाची राखण करणारी माणसं जिथे वसली, ते मेट. म्हणजे नावातच गावाची नोकरी लिहिलेली आहे. आता तिथे वनखात्याची चौकी आहे. नाव, पत्ता, ओळखपत्र, पिशव्यांतलं प्लास्टिक मोजून नोंद. संध्याकाळच्या आत सगळ्यांनी परत यायचं, मुक्काम नाही. नियम चांगलेच आहेत, नसते तर त्या वाटेचं काय झालं असतं ते बाकीच्या किल्ल्यांकडे बघून कळतंच. चौकीवरचा तरुण गार्ड अगदी अदबीनं बोलत होता.

"आजोबा, कुठनं आलात?"

"हितनंच," मामा म्हणाले. "जरा लांब ऱ्हायला गेलोय."

गार्डनं आधार कार्ड बघितलं. त्यावर सांगली जिल्हा. त्यानं एकदा कार्डाकडे आणि एकदा मामांकडे बघितलं आणि काहीही न बोलता वहीत 'सांगली' लिहिलं. बरोबरच होतं ते. मामांचं उत्तरही बरोबर होतं. एका रकान्यात दोन्ही मावत नव्हती, एवढंच.

पुढची वाट जंगलातून. आधी सपाटी, ओढ्याकाठी मारुतीचं ठाणं, मग चढ. फेब्रुवारी असून आत गारवा होता. अंजनीची निळी फुलं फांद्यांना चिकटून आलेली. जांभूळ, हिरडा, उंच कारवीचे वाळके दांडे. एकदा वर खसखस झाली म्हणून मान वर केली तर शेकरू, हे एवढं लांब शेपूट. गव्यांचे खूर चिखलात उमटलेले होते. टी-शर्टवाली मुलं पुढे जाऊन त्यांच्या लीडरभोवती उभी होती. तो त्यांना ताई तेलिणीची गोष्ट सांगत होता. पेशवाईच्या अखेरच्या काळात हा वासोटा तिनं बापू गोखल्यांच्या फौजेविरुद्ध कित्येक महिने लढवला, ती गोष्ट. छान सांगत होता. शिवाजीमहाराजांनी गडाला व्याघ्रगड हे नाव दिलं, हेही सांगितलं. मुलं मन लावून ऐकत होती.

त्यांच्या बाजूनंच मामा थांबले होते, पण ते दुसरंच बघत होते. झाडीत एक दगडी जोतं होतं. आधी मला दिसलंच नाही. मग एक दिसल्यावर दुसरं दिसलं, मग तिसरं. एकाच्या पुढ्यात जात्याची तळी पडलेली, तिच्यात पानं कुजून माती झालेली. शेजारी फणसाचं झाड. मामा म्हणाले, "फणस असला की समज, माणूस हुता." मग पुढे सगळी वाट मी तेच बघत गेलो. रानात मध्येच एक आंबा. एक सपाट केलेला तुकडा, कडेला ताल घातलेली, म्हणजे इथे नाचणी नाहीतर वरी होत असणार. एका बांधावर दोन चाफे. स्पर्श न झालेलं जंगल पावलोपावली हाताचे ठसे दाखवत होतं.

आणि मामांच्या आधीचे ठसेही होतेच की. या रांगेच्या माथ्यावर गवळी धनगर म्हशी घेऊन पिढ्यानपिढ्या राहत आले. आजी सांगायची, गावात तूप त्यांचंच यायचं आणि बदल्यात भात जायचं. खोऱ्यात मोऱ्यांची सत्ता होती, ती १६५६ मध्ये महाराजांनी घेतली. त्याच्याही आधी नागेश्वराची गुहा होतीच. तेव्हा 'मूळचे कोण' हा प्रश्न खणत गेलं की तळ लागत नाही. पण तळ लागत नाही म्हणून वरचे थर खोटे ठरत नाहीत.

कायद्यानं हा प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवायचा प्रयत्न केला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींबरोबर 'इतर पारंपरिक वननिवासी' हाही शब्द आहे. त्यात बसायचं तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, तिथे राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. जो आधीच उठवला गेला, त्यानं राहण्याचा पुरावा कुठून आणायचा? आमच्याकडे आहे तो प्रकल्पग्रस्ताचा दाखला. त्यावर सरकारी नोकरीत समांतर आरक्षण मिळतं, म्हणून तो घरात लॅमिनेट करून ठेवलेला आहे. गावाचं नाव आता सरकारी कागदावर उरलंय ते एवढंच.

जगात इतरत्र लोकांनी काय केलं, तेही या निमित्तानं आठवलं. ऑस्ट्रेलियातला उलुरू हा प्रचंड लाल खडक तिथल्या अनांगू लोकांचा पवित्र डोंगर. १९८५ मध्ये त्याची मालकी त्यांना परत दिली गेली, पण पर्यटक वर चढतच राहिले. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. आणि आपल्याकडे ओडिशात नियमगिरी. डोंगरिया कोंध लोकांचा देव तो डोंगरच. तिथे बॉक्साइटची खाण होणार होती. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं की ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही 'नाही' म्हणाल्या. वाचताना अंगावर काटा येतो. विचारलं म्हणून सांगता आलं. कोयनेत कुणी विचारलं नव्हतं. देश नवा होता, वीज हवी होती, आणि ती मिळालीही. १९०० मेगावॉटहून जास्त वीज त्या पाण्यावर होते. मी हे ज्या दिव्याखाली बसून लिहितोय तो बहुधा त्याच पाण्यावर जळत असेल. मामांना मी एकदा विचारलं होतं, राग येत नाही का? ते म्हणाले, "राग याला कुणाचा तरी चेहरा लागतो."

पण उलुरूवर आणि नागेश्वरात एक मोठा फरक आहे. अनांगू म्हणतात, आमचा देव आहे म्हणून वर चढू नका. आमची माणसं म्हणतात, आमचा देव आहे म्हणून आम्हाला चढू द्या. त्यांच्या पूर्वजांच्या जमिनीवर बाहेरची माणसं येत होती. आम्हीच आमच्या जमिनीवर बाहेरून येतो. श्रद्धा तीच, फक्त उभं राहायची जागा उलटी.

एका ठिकाणी वासोट्याची आणि नागेश्वरची वाट वेगळी होते. टी-शर्टवाली मुलं गडाकडे गेली. जाताना त्यांच्यातल्या एका मुलीनं मामांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही रेग्युलर ट्रेक करता?" मामांनी गंभीरपणे "व्हय, वर्षाला एक" असं सांगितलं. मला हसू आवरेना.

पुढचा चढ मात्र परीक्षा बघणारा होता. मामा वीस पावलं चालायचे, थांबायचे, काठीवर कपाळ टेकायचे. मी तेलाची किटली घेतो म्हटलं तर देईनात. स्टीलची, झाकणाला फडकं बांधलेली दूधवाल्यासारखी किटली. एरवी ते माझ्याशी चेष्टेनं बोलतात, त्या दिवशी किटलीवरून एकदा खेकसलेसुद्धा. शेवटी सुळक्याखालच्या पायऱ्या आल्या. एका बाजूला लोखंडी कठडा आणि दुसऱ्या बाजूला थेट कोकण. खाली इतकं खोल की घरं दिसत नव्हती, नुसता निळा धूर.

गुहेपाशी ही गर्दी. घंटेचा आवाज, कापूर, नारळाचं पाणी. आणि त्या गर्दीत मी जे पाहिलं त्यासाठी मी तयार नव्हतो. मला वाटलं होतं दर्शन होईल आणि परत फिरू. पण ते एक प्रकारचं गावच भरलं होतं. मुंबईत माथाडीचं काम करून निवृत्त झालेला एकजण मामांच्या गळ्यात पडला, ते दोघं पहिलीत शेजारी बसायचे. ठाण्याच्या बाजूला वसवलेल्या गावातली एक म्हातारी तिच्या सुनेला, "ह्यो त्यांचा धाकला" अशी मामांची ओळख करून देत होती. चोरवण्याकडून चढून आलेल्या एकानं आजीचं माहेरचं आडनाव सांगितलं. आजी कोकणातली होती, तिला लग्न करून याच घाटवाटेनं वर आणलं होतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. कोण वारलं, कुणाला नातू झाला, कुणाच्या जमिनीचा निकाल लागला, सगळं तिथे कातळाला टेकून बोललं जात होतं. सहा जिल्ह्यांत विखुरलेल्या माणसांनी भेटायचं कुठे? गाव तर पाण्यात. मग जी एक गोष्ट धरणाला बुडवता आली नाही, तिथे. पाणी डोंगराच्या पायाशी थांबलं. डोंगर उरला म्हणून पत्ता उरला.

मामांनी किटलीचं फडकं सोडलं. आणि मग ती माझ्या हातात दिली.

"तू घाल."

"मी? मामा, मी तर..." मला म्हणायचं होतं की मी बहिणीचा मुलगा, दुसऱ्या घरातला, दुसऱ्या आडनावाचा. मान तुमच्या घरातला. मामांनी ते न बोलताच ओळखलं.

"तुझ्या आयला उचलून मी वर काठाला आणलंय. ती हितलीच. मंग तू कुठला?"

मी तेल घातलं. वरून पिंडीवर थेंब पडत होते, एकाआड एक, सावकाश. समईतली ज्योत थोडी हलली आणि स्थिर झाली.

उतरताना मामा गप्प होते. पायऱ्या संपल्यावर मागे वळून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "येतो रं." आपण घर सोडताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. देवळातून निघताना तसं म्हणणारे मी पाहिलेत. पण मामा गुहेकडे बघत नव्हते. ते पूर्वेकडे, खाली झाडीच्या फटीतून चमकणाऱ्या पाण्याकडे बघत होते.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, बातमी आली की ताडोबातली एक वाघीण चांदोलीत आणून सोडली. मी फोनवर मामांना सांगितलं. त्यांना खरंच आनंद झाला. "रानात वाघ पायजेलच," म्हणाले. मग थोडं थांबून, "तिचंबी पुनर्वसनच की. पाणी-बिनी नीट हाय का बघा म्हणावं." मला वाटतं, या सगळ्या वादावर यापेक्षा शहाणं मी काही ऐकलेलं नाही. त्यांना जंगल परत नको आहे. शेत परत मिळणार नाही हे त्यांना साठ वर्षांपूर्वीच कळलंय. वाघ राहू दे, गवा राहू दे, मुक्कामाला बंदी असू दे. वर्षातून एक दिवस वाट मोकळी राहावी, आणि चौकीवर कुणी विचारलं तर 'हितनंच' म्हणता यावं, एवढंच मागणं आहे.

आणि त्यासाठी 'हितनंच' म्हणणारं कुणीतरी चालत जायला हवं. वाट काय, पाच वर्षं कुणी गेलं नाही तर कारवी ती गिळून टाकते. तिथे हक्काचा कागद कुणाकडेच नाही, आहे ती फक्त वहिवाट. ती मोडली की मग ते जंगल खरंच मानवाचा स्पर्श न झालेलं होईल.

डॉक्टरांनी मामांना चढ बंद सांगितलाय. किटली सध्या माझ्याकडे, स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर आहे. माझी मुलगी विचारत होती, पप्पा, आपण वासोटा करायचा का? मी म्हटलं, तो पण करू, पण आधी नागेश्वरला जाऊ.

तेव्हा भावंडांनो, येत्या महाशिवरात्रीला कोण कोण येतंय ते लवकर कळवा, लाँच आधी सांगून ठेवावी लागते. ओळखपत्र सगळ्यांचं हवं. प्लास्टिक आणू नका. बूट घासून गुळगुळीत झालेले नकोत, शेवटच्या पायऱ्या निसरड्या आहेत. तेल मी आणतो. मामा बामणोलीपर्यंत येणार आहेत, लाँचवाल्याच्या शेजारी बसून पलीकडच्या काठापर्यंतही येतील. त्या तास-दीड तासात त्यांच्या जवळ बसा आणि ते बोट दाखवतील तिकडे बघा. मी या वेळी वही घेऊन बसणार आहे. शिंप्याचं घर, ओढा, खाचर, चावडी, शाळा... क्रमानं लिहून घ्यायचंय.